पुढचं कडवं

परवा संध्याकाळी समोरच्या घरातली तरुण शेजारीण तिच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मुलगा अकरा वर्षांचा, चुणचुणीत, आवाज गोड. एका वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेची निवडफेरी मुंबईत होणार आहे, त्याला न्यावं की नाही, हे तिला विचारायचं होतं.

"काकू, तुम्ही नेलं होतं ना ताईला? म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

मी म्हटलं, "अगं, आधी ऐकू तर दे."

मी त्या मुलाला बसायला सांगितलं, पण तो उभाच राहिला. हातात माइक असल्यासारखी मूठ वळून त्याने एक जुनं चित्रपटगीत सुरू केलं. फार छान म्हटलं. मुखडा झाला, एक कडवं झालं, शेवटची ओळ त्याने वर नेली, एक लांबलचक तान घेतली, मान झुकवून नमस्कार केला आणि थांबला.

"पुढचं कडवं म्हण ना," मी म्हटलं.

तो गोंधळला. "पुढचं म्हणजे?"

"या गाण्याला अजून एक कडवं आहे रे."

"टीव्हीवर एवढंच म्हणतात," तो म्हणाला.

त्याची आई हसली. मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. कारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याच घरात मी एक गाणं असंच अर्ध्यावर तोडलं होतं. त्या गोष्टीबद्दल मी आजवर कुणाशी मोकळेपणाने बोलले नाही. आज बोलते.

आम्ही इंदूरकर. लतादीदींचा जन्म १९२९ साली याच गावात झाला. त्यामुळे इथल्या मराठी घरांतून मुलीचा आवाज जरा बरा निघाला, की आजीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला लता म्हणून मोकळे होतात. माझ्या लहानपणी मलाही म्हणायचे. पण त्या काळी गाण्याची शिडी ठरलेली होती. शेजारच्या गाण्याच्या बाई, गणेशोत्सवातला कार्यक्रम, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, म्हणजे निदान सात वर्षं. त्यापुढे ज्याची हिंमत असेल त्याने आकाशवाणीची स्वरपरीक्षा द्यावी. बहुतेक मुली मध्यमापर्यंत पोहोचायच्या, मग लग्न व्हायचं आणि पेटी माळ्यावर जायची. माझीही गेली.

म्हणून १९९५ साली झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झालं, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. सूत्रसंचालक होता सोनू निगम, तेव्हा स्वतःच धडपडणारा तरुण गायक. परीक्षकांच्या जागी नौशाद, खय्याम, कल्याणजी यांच्यासारखी मंडळी बसायची. गाणाऱ्याचं कुठे चुकलं, ते हळुवारपणे सांगायची. दुसऱ्याच वर्षी दूरदर्शनवरच्या 'मेरी आवाज सुनो'मधून सुनिधी चौहान पुढे आली. राजस्थानातल्या रावतभाट्यासारख्या छोट्या गावात वाढलेली श्रेया घोषाल 'सा रे ग म'च्या मुलांच्या विशेष भागांत जिंकली. संजय लीला भन्साळींच्या आईने तिला टीव्हीवर गाताना ऐकलं, मुलाला बोलावून ऐकवलं आणि २००२ साली 'देवदास'मधून तिचा आवाज देशभर गेला. ज्या दारापाशी पोहोचायला आमच्या पिढीला ओळखीपाळखी लागायच्या, ते दार छोट्या गावातल्या मुलीला उघडलं होतं. या कार्यक्रमांना नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी मान्य केलंच पाहिजे.

पुढे २००४ मध्ये 'इंडियन आयडल' आलं. त्याची मूळ कल्पना ब्रिटनमधल्या २००१ सालच्या 'पॉप आयडल'ची. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत ती स्पर्धा जिंकला, तेव्हा आमच्या कॉलनीत पेढे वाटले गेले. एका साध्या मराठी घरातला मुलगा देशाचा लाडका झाला, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. पण या कार्यक्रमाने एक गोष्ट कायमची बदलली. निकाल आता जाणकारांच्या हाती उरला नाही, तो मोबाइलवरून जाणाऱ्या एसएमएसच्या हाती गेला. आणि एसएमएस काही सुराला मिळत नाही. तो गावाला मिळतो, जातीला मिळतो, भाषेला मिळतो, डोळ्यांतल्या पाण्याला मिळतो. २००७ च्या अंतिम फेरीत कोलकाता पोलिसांत शिपाई असलेला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल समोरासमोर होते. दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गण्या काढून मतं पाठवली. एका उपेक्षित समाजाला त्या मुलात आपला चेहरा दिसला, ही गोष्ट मोठीच होती. पण त्यात गाण्याचा वाटा किती होता?

मग गाण्याआधी गोष्ट यायला लागली. मुलगा रंगमंचावर येण्यापूर्वी त्याचं घर दाखवायचं, पत्र्याचं छप्पर, आजारी वडील, शिवणयंत्रावर बसलेली आई, मागे बासरी. मग गाणं. आम्हीही डोळे पुसत ऐकायचो. तो सूर लागला की नाही, हे त्या पाण्यातून कुणाला दिसणार?

फेब्रुवारी २००९. झी मराठीवरच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ची अंतिम फेरी. आळंदीची कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, रोहित राऊत आणि इवलीशी मुग्धा वैशंपायन. महाराष्ट्रात काय आणि इथे इंदुरात काय, मराठी माणसाच्या घरात त्या रात्री दुसरा विषय नव्हता. आमच्या दिवाणखान्यात वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने बसली होती. कार्तिकी जिंकली. त्या मुलांनी अभंग, गवळणी, नाट्यपदं अशा घरांत पोहोचवली, जिथे ती दोन पिढ्यांत कुणी ऐकली नव्हती.

माझी लेक तेव्हा दहा वर्षांची होती, माझ्या मांडीला टेकून बसली होती. प्रवेशिका प्रथम झाली होती तिची. टाळ्यांचा कडकडाट सुरू असताना मी टीव्हीकडे पाहत नव्हते, तिच्याकडे पाहत होते. माळ्यावर गेलेली माझी पेटी त्या रात्री मला पुन्हा दिसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराचं स्पर्धेत रूपांतर झालं. आधी ती संध्याकाळी आपल्या मनाने गायची, आता मी घड्याळ लावून बसवायला लागले. गाणं संपलं की मी म्हणायची, "छान, पण दुसऱ्या ओळीत भाव कमी पडला." कुठल्या परीक्षकाचं वाक्य मी उचलत होते, ते माझं मलाच कळत नव्हतं. तिच्या गाण्याच्या बाई एकदा म्हणाल्या, "अहो, अजून वर्षभर तिला यमनच गाऊ द्या." मला वाटलं, बाई जुन्या वळणाच्या, त्यांना आताच्या जगातलं काय कळणार! मी तिला कराओकेच्या सीडी आणून दिल्या. ज्या गाण्याच्या शेवटी वरचा सूर येतो, तीच गाणी निवडली. टीव्हीवर जेमतेम दोन मिनिटं मिळतात म्हणून एकच कडवं पाठ करून घेतलं. हो, मीच.

२०१० च्या जून महिन्यात मी तिला घेऊन अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला गेले. माझी बहीण बोरिवलीला राहते. पहाटे चार वाजता तिच्याकडून निघून आम्ही एका शाळेच्या मैदानावर रांगेत उभ्या राहिलो. पाऊस धरलेला. आमच्या पुढे शेकडो माणसं, मागे त्याहून जास्त. कुणी मुलांना ज्येष्ठमध चघळायला देत होतं, कुणी थर्मासमधलं गरम पाणी पाजत होतं. सोलापूरहून रात्रभर एसटीने आलेले एक गृहस्थ मुलाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद धरून स्वतः भिजत उभे होते. ही सगळी प्रेमळ माणसं होती, हे मी आजही सांगेन. त्या रांगेत वाईट आईबाप मला एकही दिसला नाही.

दुपारी तीनला आमचा नंबर लागला. टीव्हीवर दिसणारे परीक्षक तिथे नव्हतेच. एका वर्गात दोन तरुण मुलं कागद घेऊन बसली होती. लेकीने गायला सुरुवात केली. अर्धा मिनिट झाला असेल नसेल, त्यातला एक म्हणाला, "ओके, अजून काही? जरा एनर्जीवालं?" तिने दुसरं म्हटलं. तेही मध्येच थांबवलं. मग त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "घरी कोण कोण असतं? बाबा काय करतात? काही स्ट्रगल वगैरे?"

आमच्या घरी स्ट्रगल कसली? हिचे बाबा विमा कंपनीत नोकरीला, स्वतःचं घर, वेळेवर पगार. पण तो मुलगा कागदावर पेन टेकवून वाट पाहत होता. मला वाटलं, आता काही सांगितलं नाही, तर संपलं. आणि मी म्हटलं, "हिच्या बाबांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. फार वाईट दिवस होते ते. ही रोज दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून गायची. हिच्या गाण्यानेच ते बरे झाले."

बायपास झाली होती, हे खरं. बाकी सगळं खोटं.

त्या मुलाचा चेहरा उजळला. "अरे वा! हे बेटा तू स्वतः सांगशील का कॅमेऱ्यासमोर?" त्याने लेकीला विचारलं.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि अगदी सरळ म्हणाली, "पण मी नव्हते गायले. मला दवाखान्यात नेलंच नव्हतं. मी आजीकडे होते."

तो हसला. म्हणाला, "बघू, फोन करू." फोन अर्थातच आला नाही.

बोरिवलीला परत जाताना लोकलमध्ये मी तिला समजावत होते, की बाळ, अशा ठिकाणी थोडं वाढवून सांगावं लागतं, सगळेच सांगतात. ती खिडकीबाहेर पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, मी गायले कशी, ते तू विचारलंच नाहीस."

घरी परतल्यावर तिने तिच्या बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, मुलं शाळेतली हकिकत सांगतात तसं. "बाबा, आई म्हणाली, मी गायले म्हणून तुम्ही बरे झालात." हे आधी हसले. मग गप्प झाले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण त्या रात्री जेवताना त्यांचा हात नकळत छातीवरच्या त्या लांब व्रणाकडे गेला, तेव्हा मला घास गिळवेना. आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं दुखणं मी एका परक्या मुलासमोर विकायला ठेवलं होतं, तेही पदरचं खोटं लावून.

लेकीने पुढच्या महिन्यापासून गाण्याला जाणं बंद केलं. भांडली नाही, रडली नाही, "आता नको" एवढंच म्हणाली. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर मी कापड घातलं, ते दोन वर्षं निघालं नाही.

आता मागे वळून पाहताना वाटतं, तिला त्या स्पर्धेने गाण्यापासून तोडलं नाही. ती तर त्यांच्या दाराशी अर्धा दिवस उभी होती एवढंच. तिला तोडलं ते घरात बसलेल्या परीक्षकाने. या कार्यक्रमांनी गाणाऱ्या मुलांचं काय केलं यावर पुष्कळ लिहिलं, बोललं गेलं आहे. पण सोफ्यावर बसून ऐकणाऱ्यांचं त्यांनी काय केलं, इकडे आपलं लक्ष जात नाही. आपण गाणं ऐकायचं सोडून गुण द्यायला शिकलो. मुलाने तोंड उघडलं, की 'हा कितीपर्यंत जाईल' हे मोजायला लागलो. आणि मुलंही तेच शिकली, की गाणं म्हणजे टाळ्या मिळेपर्यंतचा भाग. उरलेलं कुणी विचारत नाही.

गाण्याच्या बाईंच्या ओसरीवर मी अधूनमधून जाते. त्या सांगतात, पूर्वी मुलं विचारायची, "बाई, हा राग कधी गायचा?" मग विचारायला लागली, "टाळ्या कुठे येतील?" आता विचारतात, "यातला तीस सेकंदांचा तुकडा कुठला घेऊ?" टीव्हीची दोन मिनिटं होती, मोबाइलवरच्या रीलने तीही कमी केली. 'सहा महिन्यांत रंगमंचासाठी तयार' अशा पाट्या लावलेले वर्ग निघाले. आणि कौतुकही स्वस्त झालं. २०२१ साली 'इंडियन आयडल'मध्ये किशोरकुमारांच्या गाण्यांचा विशेष भाग झाला. पाहुणे म्हणून गेलेल्या अमितकुमारांनी नंतर जाहीरपणे सांगितलं, की सगळ्यांचं कौतुक करा, असं त्यांना आधीच सांगण्यात आलं होतं. ज्या मुलाला खरं कुणी सांगतच नाही, तो शिकणार कसा?

लतादीदींनी २०१९ साली एका मुलाखतीत अशाच अर्थाचं काही म्हटलं होतं. आपली गाणी इतकी मुलं सुंदर म्हणतात, पण पहिल्या यशानंतर त्यातली किती लक्षात राहतात? त्यांनी दोनच नावं घेतली, सुनिधी आणि श्रेया. मुलांनी नक्कल सोडून स्वतःचं काही शोधावं, असं त्यांचं म्हणणं होतं. यादी आणखी थोडी वाढवता येईल, पण मुद्दा खोटा नाही.

उलट उदाहरणही आहे. २००५ सालच्या 'फेम गुरुकुल'मध्ये बंगालातल्या जियागंजचा अठरा वर्षांचा एक मुलगा होता. मतं कमी पडली, बाहेर गेला. त्यानंतर त्याने संगीतकारांच्या हाताखाली ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत वर्षानुवर्षं काम केलं. २०१३ साली 'आशिकी २' आला आणि अरिजित सिंग हे नाव घराघरांत पोहोचलं. ती मधली सात-आठ वर्षं कुठल्याही वाहिनीने दाखवली नाहीत. पण गायक घडला तो त्याच वर्षांत. आपल्या 'लिटिल चॅम्प्स'ची ती पाच मुलंही शिकत राहिली, गात राहिली. २०२१ साली त्याच कार्यक्रमात ती परीक्षकांच्या जागी बसली, तेव्हा मला बरं वाटलं. रोहित राऊत तर २०२० साली 'इंडियन आयडल'मध्ये उपविजेता ठरला. रंगमंचावरून उतरल्यावरही ज्यांचा रियाज चालू राहिला, ती टिकली.

माझ्या लेकीचं काय झालं, हे तुम्हाला विचारावंसं वाटत असेल. ती काही गायिका झाली नाही. पुण्यात एका बँकेत नोकरी करते. बारावीत असताना बाईंच्या गुरुपौर्णिमेला तानपुरा धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिला बोलावणं आलं. "नुसती बसेन, गाणार नाही," असं बजावून गेली. तीन तास बसली. पुढच्या आठवड्यात आपण होऊन बाईंकडे गेली आणि यमनपासून पुन्हा सुरुवात केली. सुट्टीला घरी आली, की मटार सोलताना गुणगुणते. एकदा माझ्या तोंडावर आलं होतं, की निषाद जरा उतरला गं. मी जीभ चावली आणि मटार सोलत राहिले.

शेजारणीला मी काय सांगितलं? दुसऱ्या दिवशी तिला बोलावून ही सगळी हकिकत सांगितली, अगदी दवाखान्याच्या खोट्यासकट. मग म्हटलं, "त्याला स्वतःला जायचं असेल तर जरूर ने. चार माणसांसमोर उभं राहण्याची भीती जाते, बरोबरीची मुलं भेटतात, तेही काही कमी नाही. पण कायदा माहीत असू दे. २०१७ पासूनच्या नियमांप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि त्याच्या मनाविरुद्ध तर मुळीच नाही. त्याच्या कमाईतले निदान वीस टक्के त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेले पाहिजेत. शाळा बुडू देऊ नकोस. घरातलं दुखणं तिथे घेऊन जाऊ नकोस, कुणी कितीही गोड बोलून विचारलं तरी. आणि तो बाहेर आला, की 'निवड झाली का' हे दुसऱ्यांदा विचार. पहिल्यांदा विचार, की कसं वाटलं गाताना?"

ती ऐकून घेऊन गेली. पटलं की नाही, कळलं नाही. तिकिटं काढली आहेत, असं परवा तिच्या सासूबाईंकडून कळलं. जाऊ देत. मला कोण अडवू शकलं असतं?

काल संध्याकाळी मात्र दार वाजलं. तो मुलगा एकटाच आला होता. वहीच्या कागदावर काहीतरी लिहून आणलेलं. म्हणाला, "आजी, त्या गाण्याचं पुढचं कडवं मिळालं. चाल जरा वेगळी आहे, मला नीट येत नाही अजून. म्हणू?"

मी म्हटलं, "बस. बसून म्हण."

तो बसला. दोनदा चुकला, पुन्हा सुरुवात केली. मी हात मांडीवर ठेवून नुसती ऐकत राहिले.